तुम्ही विचारलंत म्हणून: विणकराची मुले शाळेत जातात का?

कोल्हापुरात राजारामपुरीतील माझ्या दुकानात हाताने गाठी मारलेला गालिचा उलटून पाहताना गिऱ्हाईक हमखास विचारते, "हे लहान मुलांच्या हातचे नाही ना?" बारीक गाठ मुलांच्या नाजूक बोटांनाच जमते, ही समजूत त्यामागे असते आणि ती खोटी आहे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेसाठी १९९० च्या दशकात भारतातील गालिचा उद्योगाचा जो अभ्यास झाला, त्यात बारीक विणीला मुलांचेच हात लागतात, या दाव्याला आधार मिळाला नाही. मुले मागावर बसली ती स्वस्त पडत होती म्हणून.

मला विचाराल तर प्रश्न आईबापांच्या मजुरीचा आहे. उत्तर प्रदेशातील भदोही-मिर्झापूर या गालिच्यांच्या पट्ट्यातील पुष्कळ माल खेड्यांतील घरगुती मागांवर विणला जातो. निर्यातदार नकाशा (म्हणजे नक्षीचा आराखडा) आणि लोकर ठेकेदाराला देतो, ठेकेदार विणकराला, आणि मजुरी सहसा रोजावर नव्हे तर विणलेल्या मापावर ठरते. सहा बाय चार फुटांचा, चौरस इंचाला शंभर गाठींचा गालिचा घ्या. त्यात ३ लाख ४५ हजार ६०० गाठी बसतात. दिवसाला सहा हजार मारल्या तरी एकट्याला जवळजवळ दोन महिने लागतात. मध्येच आजारपण आले की ठेकेदाराकडून उचल, आणि उचल फेडायची म्हणजे घरातले आणखी दोन हात मागावर. आईही विणायला बसली की धाकट्याला सांभाळायला थोरली मुलगी घरी राहते. ती विणत नाही, म्हणून तपासणीत बालकामगार ठरत नाही. शाळा मात्र तिचीही सुटते. (हे समजायला भदोहीला जायला नको. इचलकरंजीत यंत्रमागावर बारा तासांची पाळी करणाऱ्यांना विचारा, पालकसभेला कोण जाते ते.)

कायदे आहेत. १९८६ च्या कायद्याने गालिचाविणकामात बालकामगार ठेवण्यास बंदी घातली, आणि २०१६ च्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालील मुलांना सर्वच व्यवसायांत मनाई केली, तरी शाळा सुटल्यावर घरच्या बिनधोक कामात मदतीची मुभा ठेवली. घर आणि माग एकाच छपराखाली असताना ही रेषा कोण आखणार?

शाहू महाराजांनी १९१७ मध्ये कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, तेव्हा मूल न पाठवणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड ठेवला होता. आपण त्या दंडाचेच कौतुक फार करतो. पण शिक्षण मोफतही होते, आणि १९०१ पासून उभ्या राहिलेल्या वसतिगृहांनी गरीब घरांवरचा मुलांच्या राहण्याजेवणाचा भार उचलला होता, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते.

बालमजुरीविरोधी कार्यकर्ते कैलाश सत्यार्थी यांच्या पुढाकाराने १९९४ च्या सुमारास सुरू झालेले रगमार्क, म्हणजे आजचे गुडवीव्ह, मागांची अचानक तपासणी करते, गालिच्याला क्रमांकाचे लेबल देते आणि मुलांच्या शिक्षणावरही खर्च करते. लेबल असेल तर जरूर पाहा. मात्र ठेकेदाराने विणकराच्या हातावर काय टेकवले, ते त्यावर छापलेले नसते. म्हणून माल घेताना मी मजुरीचा दर विचारतो. तो सांगणारे व्यापारी थोडे आहेत, त्यांचा माल महाग पडतो, आणि दिवाळी पाडव्याला तुम्ही मागता ती सवलत मला त्यावर देता येत नाही.