तब्रीझची टेकडी आणि वजिराचा वक्फनामा

इराणी वैद्यकाची गोष्ट सगळे जुंदीशापूर या प्राचीन नगरापासून सुरू करतात, म्हणून मीही आधी नैर्ऋत्य इराणमधलं दिझफूल गाठलं. शाहाबाद गावाजवळ शेतं आहेत, मधेमधे मातीचे उंचवटे, आणि याकूब लैस या नवव्या शतकातल्या राजाच्या थडग्याचा निमुळता घुमट. तिसऱ्या शतकात इराणचा सासानी राजा पहिला शापूर याने रोमनांकडून धरून आणलेली माणसं इथे वसवली. पुढे ख्रिस्ती वैद्यांनी या नगराचं नाव केलं. खलिफा मन्सूरने ७६५ मध्ये बगदादला बोलावून घेतलेला जुर्जिस बुख्तीशू इथलाच. जगातलं पहिलं शिकवणारं रुग्णालय याच मातीखाली आहे असं अनेक जण ठासून सांगतात. पण त्या काळातला थेट पुरावा फार तुटपुंजा आहे, आणि बऱ्याच इतिहासकारांना तो दावा मान्य नाही. मलाही नाही.

मला ओढ होती ती तब्रीझच्या रब-ए-रशीदीची. शहराच्या पूर्वेला टेकडीवर दगडविटांच्या बुरुजांचे पाये उरलेत, त्यातले काही पुढे शाह अब्बासच्या काळात बांधलेल्या किल्ल्याचे. पायथ्याशी साधी वस्ती आहे, दोरीवर कपडे वाळत होते. चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला इथे मशीद, मदरसा, ग्रंथालय आणि दारुश्शिफा म्हणजे दवाखाना, असं अख्खं उपनगर उभं होतं. बांधणारा रशीदुद्दीन फजलुल्लाह, हमदानच्या ज्यू घरातला वैद्य, नंतर मुसलमान झालेला आणि मंगोल सुलतानांचा वजीर बनलेला.

त्याचा वक्फनामा, म्हणजे धर्मादाय दानपत्र, आजही तब्रीझमध्ये जपलेला आहे, त्यातला बराचसा मजकूर त्याने स्वतःच्या हाताने लिहिलाय. २००७ मध्ये युनेस्कोने त्याची जागतिक स्मृती म्हणून नोंद केली. इमारत बांधून देणारे श्रीमंत खूप होते. या माणसाने त्यापुढचा विचार केला: जमिनींचं उत्पन्न कुठून येणार, वैद्याला पगार किती, त्याच्या हाताखाली शिकणारी मुलं कोण, आपल्या ग्रंथांच्या दरवर्षी नव्या प्रती कशा करायच्या. आपण गेल्यावरही हे चालावं म्हणून केवढी काळजी!

तरी ते चाललं नाही. सुलतान ओल्जायतूला विष दिल्याचा आरोप ठेवून १३१८ मध्ये रशीदुद्दीनला मारलं गेलं आणि रब-ए-रशीदी लुटली गेली. मुलगा गियासुद्दीनने ती पुन्हा सावरली, १३३६ मध्ये तोही मारला गेला, पुन्हा लूट झाली. वैद्यावरच विषाचा आळ यावा हे त्या टेकडीवर उभं राहून पचत नाही.

तेहरानचं दारुल्फुनून, म्हणजे सरकारने काढलेली आधुनिक विद्यांची शाळा, मी येतानाच पाहिलं होतं, नासिर खुस्रो रस्त्यावर. ते सुरू झालं डिसेंबर १८५१ मध्ये, तेव्हा त्याची आखणी करणारा पंतप्रधान अमीर कबीर पदच्युत होऊन काशानला होता. जानेवारीत फिन बागेच्या हमामात त्याचा खून झाला. शाळा मात्र टिकली, कारण तिच्यामागे सरकार होतं. तिथे वैद्यक शिकवायला आलेला ऑस्ट्रियाचा डॉक्टर पोलाक आधी दुभाष्यामार्फत बोलायचा, नंतर फारसीतच शिकवू लागला.

मग ऊर्मियाकडच्या एका खेड्यात गेले. टॅक्सीवाल्याची बहीण तिथल्या आरोग्यघरात बेहवर्झ आहे, म्हणजे आपल्याकडच्या आशाताईंसारखी, पण पगारी आणि दोन वर्षं शिकलेली. ही पद्धत १९७० च्या दशकात याच भागात आजमावली गेली, पुढच्या दशकात देशभर पसरली. बेहवर्झ बहुतेक त्याच गावची असते. भिंतीवर गावाचा मोठा तक्ता होता: यंदाचे जन्म, मृत्यू, कुठल्या वयाचे किती. तिने चहा दिला आणि तक्त्यातला बाळंतपणांचा रकाना दाखवून म्हणाली, "यातल्या सगळ्या जणींच्या घरी मी जाऊन आलेय."