बुधवार, गंगेवर (नाशिकला गोदावरीला गंगाच म्हणतात)

आज फक्त मोठ्यांचा हात धरून चालणारी मुलं वहीत रेखाटली. बुधवारच्या बाजारात ती हवी तितकी मिळतात. आधी घाटाच्या खालच्या पायरीवर बसायचं, म्हणजे नजर मुलांच्या उंचीला येते. उभ्याने पाहिलं की डोकं आहे त्याहून मोठं आणि पाय आखूड उतरतात.

हात वर धरला की खांदा कानाला जाऊन भिडतो, सदरा त्या बाजूने वर सरकतो, पोटाची एक पट्टी उघडी पडते. फुगेवाला दिसला तर धड तिकडे कलतं, पावलं मागेच राहतात. सरळ खांद्याला लांब हात जोडला तर मूल खुंटीला टांगल्यासारखं दिसतं.

पूर्वी शाळेत नाव घालताना डोक्यावरून हात नेऊन पलीकडचा कान धरायला लावत. साधारण सहाव्या वर्षापर्यंत तो पुरत नाही, कारण डोकं मोठं आणि हात आखूड. चित्रकाराला याहून चांगलं माप कुठलं मिळणार! तान्ह्या बाळाने हात वर केले तर बोटं टाळूच्या जेमतेम वर येतात. उंची डोक्याच्या मापात मोजली तर वर्षाचं मूल सव्वाचार डोकी, तीन वर्षांचं पाच, सहाचं जवळजवळ सहा, दहाचं साडेसहा ते सात. मोठा माणूस साडेसात.

चेहऱ्याकडे सगळ्यात शेवटी वळावं. डोळे डोक्याच्या मध्याखाली घ्यायचे. नाकापासून ओठांकडे जाणारी रेघ ओढली की मूल चाळिशीचं झालंच. सातव्या वर्षाच्या आसपास पुढचे नवे दात तोंडाला मोठे वाटतात, कडा करवतीसारखी असते. तेवढं जमलं तर वय सांगावं लागत नाही.

खिशात मावणारी वही, ४बी पेन्सिल, खोडरबर नाही. तीस सेकंदांत तीनच गोष्टी: डोक्याचा कल, पाठीची रेघ, टेकलेली पावलं. मूल हललं की त्याच पानावर दुसरं चित्र सुरू करायचं. मुलं तीच हालचाल पुन्हा पुन्हा करतात, त्यामुळे पहिलं अर्धं चित्र थोड्या वेळाने पुरं करता येतं. ते तिथल्या तिथे मनाने पुरं केलं की मोठ्यांचे गुडघे नि कोपरं घुसतात. भाजीच्या ढिगाशेजारी उकिडवं बसलेलं दोन वर्षांचं मूल बघा: टाचा जमिनीला पूर्ण टेकलेल्या, पाठ ताठ. टाच उचलली की ते मूल राहत नाही.

फोटो काढत नाही, लेकरं दुसऱ्यांची आहेत. शक्यतो पाठमोरी काढते. आईने विचारलं की वही तिच्या हातात द्यायची, तिला नको असेल तर पान फाडून तिलाच.

उद्या शाळा सुटताना दप्तरं. पट्टे सैल असले की दप्तर कमरेखाली लोंबतं आणि मान पुढे येते, ती मान नीट पाहायची आहे.