नऊ माळा, चार तारा

पहिली माळ

घट बसले. आजपासून नऊ रात्री मिरजेच्या अंबाबाईपुढे गाणं. या गावात गाण्याचे दोन मोठे मुहूर्त आहेत, एक हा आणि दुसरा मीरासाहेबांच्या दर्ग्यातल्या उरुसातला. दोन्हींची गर्दी एकाच मापाने मोजतात आणि तिथेच हिशेब चुकतो.

नवरात्र पंचांगावर चालतं. अधिक महिना मधे येऊन त्याला सावरतो, म्हणून ते सप्टेंबर-ऑक्टोबर सोडून कुठे जात नाही. उरूस हिजरी तारखेने. ते वर्ष साधारण 354 दिवसांचं, त्यामुळे उरूस दरवर्षी 11 दिवस अलीकडे येतो आणि साधारण 33 वर्षांत सगळे ऋतू फिरून पुन्हा जागेवर. दर्ग्यातली सभा चिंचेच्या झाडाखाली, उघड्यावर. ती मे महिन्यात आली तर मुलांना सुट्टी असते आणि रात्रीच्या वाऱ्याला लोक आपणहून येऊन बसतात. बारावीच्या परीक्षेत आली की तानपुऱ्यावर बसायला विद्यार्थी मिळत नाहीत. पावसाळ्यात आली तर ताडपत्रीवर पडणाऱ्या थेंबांच्या आवाजात विलंबित ख्याल कुणाच्याच कानात शिरत नाही. चार-पाच वर्षं गर्दी ओसरली की ‘लोकांची आवड गेली’ असं म्हणायची घाई होते. आधी त्या वर्षांत तारखा कुठे पडल्या होत्या ते बघावं.

तिसरी माळ

हवा दमट. परतीचा पाऊस जाता जाता तानपुऱ्यांना छळतोच.

ज्या गावात तानपुरे घडतात त्या गावच्या उत्सवात तानपुरा बेसूर असणं शोभत नाही. इथले सतारमेकर मूळचे शिकलगार, हत्यारांना धार लावणारे. इंग्रजी अमलात हत्यारांची मागणी गेली तशी त्यांच्यातली काही घराणी वाद्यांकडे वळली. भोपळा अजून पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूचा येतो, लाकूड तुणीचं. 2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा अभिमान आहेच. पण मानांकनाने जवारी, म्हणजे तारेचा तो मोकळा, लांबणारा झंकार, लागत नाही.

तानपुरा कार्यक्रमाआधी निदान दीड तास खोळीतून बाहेर काढून ज्या जागी वाजणार तिथेच ठेवावा. बंद खोलीत लावून रंगमंचावर आणलेला तानपुरा पाच मिनिटांत उतरतो किंवा चढतो. दिव्याच्या झोतात पोलादी तार तापते, सैल पडते, सूर खाली येतो. उत्तररात्री गारवा सुटला की तीच तार आखडते आणि सूर वर जातो. दमट हवेत खुंट्या फुगून घट्ट बसतात. जोर लावून फिरवल्या तर सूर एकदम उडी मारतो, वेळेला तारही तुटते. कोरड्या हवेत उलटं, खुंटी घसरते. खुंटी जिथे भोकात बसते तिथे साधा खडू घासला की धरते.

लावताना आधी जोड, म्हणजे मधल्या दोन षड्जाच्या तारा, मग खर्ज, म्हणजे खालच्या षड्जाची तार, शेवटी पहिली तार. ती पंचमाची, मालकंस रागाला मध्यमाची, मारवा-पुरियाला निषादाची. खुंटीवर सूर जवळपास आणायचा आणि उरलेलं काम तारांत ओवलेल्या मण्यांवर सोडायचं. मणी लंगोटाकडे, म्हणजे तारा खाली जिथे अडकवलेल्या असतात तिकडे, सरकवला की तार ताणली जाऊन सूर किंचित चढतो. घोडीकडे, म्हणजे तारा ज्या पट्टीवर टेकतात तिकडे, नेला की उतरतो. सुरुवातीलाच मणी अगदी खाली असेल तर पुढे चढवायला जागा उरत नाही, म्हणून तो मधोमध ठेवून लावायला घ्यायचं. नवखी मुलं इथेच अडकतात.

सगळ्यात नाजूक काम सुताचं. तारेखाली घोडीच्या पाठीवर सुताचा एक पदर असतो. तो केसभर पुढेमागे करत राहायचं. एका जागी तार मुकी वाजते, दुसऱ्या जागी पत्र्यासारखी खरखरते, आणि या दोघींच्या मधे एक जागा अशी येते की तार अचानक उघडते, आवाज लांबतो आणि खर्जातून गंधार आपणहून ऐकू येऊ लागतो. तो गंधार कुठल्याच तारेवर लावलेला नसतो. या हवेत तेच सूत ओल धरून फुगतं आणि दोन तासांत जवारी मिटते. मग खुंट्या पिळून काही होत नाही, सूत बदलावं लागतं. सुती दोऱ्याचे हातभर चार तुकडे खिशात असलेच पाहिजेत. मध्यंतरात आधी तेच काम.

इलेक्ट्रॉनिक तानपुरा मदतीला असू द्यावा, आवाज कमी ठेवून. त्याचा सूर हवेने हलत नाही आणि खऱ्या तारांचा हलतो. दोन्ही मोठ्याने लावले की अर्ध्या तासात त्यांच्यात भांडण सुरू होतं, आणि गाणाऱ्याने कुणाचं ऐकायचं?

पाचवी माळ

बाहेरगावचे श्रोते विचारतात, एवढं गाणं मिरजेतच का?

पटवर्धनांचं संस्थान होतं, गाण्याची कदर होती. गायक बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर इथे शिकवत आणि विष्णु दिगंबर पलुसकर इथेच शिकले. तेवढंच महत्त्वाचं म्हणजे रेल्वे. पुणे आणि हुबळी-धारवाड यांच्या वाटेवरचं हे जंक्शन, एके काळी ब्रॉडगेज, मीटरगेज आणि नॅरोगेज असे तिन्ही रूळ इथे होते. धारवाडचा गवई पुण्याला निघाला की मिरज वाटेतच. उतरून हजेरी लावून जाणं सोपं होतं. कैराण्याचे गवई अब्दुल करीम खाँ इथे राहिले, दर्ग्यात गाऊन सेवा करत राहिले. 1937 साली दक्षिणेत प्रवासात असताना सिंगपेरुमाळ कोइल स्टेशनवर गेले आणि त्यांना आणून इथेच दर्ग्याच्या आवारात दफन केलं. उरुसातली सभा त्यांच्या स्मरणाची. गायिका हिराबाई बडोदेकर त्यांच्या कन्या, जन्म इथलाच, 1905 चा.

1948 मध्ये संस्थान विलीन झालं, राजाश्रय गेला. खाँसाहेबांचे शिष्य सवाई गंधर्व 1952 ला गेले आणि पुढच्या वर्षी भीमसेन जोशींनी पुण्यात त्यांच्या नावाचा महोत्सव सुरू केला. गुरूच्या समाधीशी चटईवरची सभा, शिष्याच्या नावाने हजारोंचा मंडप. यात कुणाचं चुकलं नाही. पण मोठं नाव पुण्याला ऐकायचं आणि मिरजेला फक्त श्रद्धेने जायचं, ही सवय तेव्हापासून पडत गेली. वाटेत उतरणंही गेलं. आता कलाकार रात्री गाडीने येतात, गातात आणि पहाटे पुढच्या गावात असतात. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलांना घेऊन बसणं, वाद्यवाल्यांच्या गल्लीत तास-दोन तास घालवणं, हे सुटलं. माझ्या मते सभेचं सगळ्यात मोठं नुकसान हे आहे. गर्दीचं नंतर.

सातवी माळ

दहा वाजता बंद.

ध्वनिप्रदूषणाचे नियम 2000 सालचे. रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर ध्वनिक्षेपक नाही. राज्याला वर्षात जास्तीत जास्त 15 दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देता येते. नियम योग्य आहे, गावात आजारी माणसं आहेत, दवाखाने आहेत. पण त्याने रागांची एक अख्खी पेठ बंद झाली. दरबारी, अडाणा, मालकंस यांची खरी वेळ सुरू होते तेव्हा सतरंज्या गुंडाळायला लागतात. ललत, भटियार तर उत्सवातून नाहीसेच झाले. तरुण मुलांना यमन, पुरिया कल्याण, बागेश्री तोंडपाठ, पण उत्तररात्रीचा राग समोर बसून ऐकलेला नाही.

त्यात सातला सुरू व्हायचं ते दीपप्रज्वलन, सत्कार, नारळ, शाल यात पावणेआठला सुरू होतं. दोन कलाकार, मधे वाद्यं लावायची वीस मिनिटं. दुसऱ्याच्या वाट्याला पन्नास मिनिटं येतात. पन्नास मिनिटांत बडा ख्याल नीट उलगडत नाही, मग घाईने द्रुत, एक नाट्यगीत, एक अभंग, भैरवी. लोक म्हणतात, शास्त्रीय कमी झालं. ते त्या पाऊण तासात कमी झालं. सगळे सत्कार एकाच माळेला उरकून टाकावेत, बाकीचे आठ दिवस गाण्याला मोकळे राहतात.

दुसरा उपाय विनामाइकचा. सकाळी सहा-साडेसहाला शंभर माणसांची बैठक, दोन तानपुरे, तबला, पेटी, बस. कंठाचा खरा आवाज आणि जवारी दोन्ही ऐकू येतात. परवानगीची, स्पीकरची आणि त्याच्या भाड्याची कटकट नाही. एकदा तरी करून बघायलाच हवं.

आठवी माळ

आवाजवाल्याशी दुपारीच बोलावं, संध्याकाळी तो ऐकत नाही. मिरवणुकीच्या कामाची सवय असलेला माणूस तबल्याचा डग्गा वाढवतो आणि घरघर येते म्हणून खालची बाजू 100 हर्ट्झपर्यंत कापून टाकतो. पुरुष गायक काळी एकमध्ये, म्हणजे पेटीची पहिली काळी पट्टी षड्ज धरून, गात असेल तर खर्जाची तार साधारण 69 हर्ट्झवर असते. तिचा पायाच उडतो, तानपुरा वरवरचा वाटू लागतो आणि गाणारा पुन्हापुन्हा खुंटीला हात घालतो. वाद्य सुरातच असतं. साठपर्यंतच कापा, एवढं सांगितलं तर पुरतं. तानपुऱ्याचा माइक तबलीसमोर, म्हणजे भोपळ्यावरच्या लाकडी झाकणासमोर, घोडीच्या बाजूला, वीतभर अंतरावर. भोपळ्याच्या मागे नको, तिथे नुसता घुमारा येतो. आणि गायकापुढच्या स्पीकरमध्ये तानपुरा हवाच. उघड्यावर भिंत नाही, आवाज परत येत नाही.

नववी माळ

शेवटची भैरवी झाली. वाद्यं लगेच खोळीत घालायची नाहीत. घामाचे हात लागलेले असतात, तारा कोरड्या फडक्याने पुसून घ्यायच्या, नाहीतर आठवड्यात गंज धरतो. चारही तारा साधारण एक-दीड स्वर उतरवायच्या, तबलीवरचा ताण जातो. पूर्ण सैल करायच्या नाहीत, घोडी हलली तर सगळं पहिल्यापासून. सुतं काढून फेकून द्यायची. मग भोपळा गादीवर टेकेल असा आडवा ठेवायचा, खिडकीपासून लांब, कारण उद्यापासून ऑक्टोबरचं ऊन तापणार आणि ओलाव्याने फुगलेलं लाकूड एकदम सुकलं की सांध्याला चीर जाते. चार दिवसांनी एकदा उघडून गळ्याच्या जोडावरून बोट फिरवायचं.