चार चेन आणि एक गळा

चारला निघायचं होतं. कुर्त्याला इस्त्री झालेली, केस विंचरून झालेले, आणि डब्यातून एक चेन उचलली तर तिच्यामागून आणखी तिघी लोंबकळत वर आल्या. हिचा आकडा तिच्या कडीत, आणि सगळ्यांत बारीक जी, ती उरलेल्या तिघींच्या गळ्यात. मग सुई शोधा, काचेवर टाल्कम पावडर भुरभुरवा, खिडकीशी उजेडात बसा. घाईत गुंता सुटत नाही हे आपल्याला पाठ असतं, पण तो सापडतो नेमका घाईतच.

या विषयावर रीतसर संशोधन झालेलं आहे. २००७ साली सॅन दिएगोच्या विद्यापीठातल्या डोरियन रेमर आणि डग्लस स्मिथ या दोघांनी पेटीत दोरी टाकली, पेटी गरागरा फिरवली आणि गाठी मोजल्या. पुन्हा फिरवली, पुन्हा मोजल्या. काही सेकंदांत गाठ पडायची. पुढच्या वर्षी त्यांना इग नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं बक्षीस, मिळालं, आणि मिळायलाच हवं होतं. त्यातली एक गोष्ट माझ्या डोक्यात रुतून बसली आहे: साधारण ४६ सेंटिमीटरपेक्षा आखूड दोरीला गाठ जवळजवळ पडतच नव्हती. आता १८ इंची चेन म्हणजे ४५.७ सेंटिमीटर. गळ्याच्या खळगीखाली टेकणारी, सगळ्यांची लाडकी लांबी म्हणजे काठावर पास! अर्थात चेन काही दोरी नव्हे, ती जास्तच लवलवते. आणि त्यांच्या पेटीत दोरी एकटी होती, तिला शेजारणी नव्हत्या.

आकडा लावून ठेवली की चेनला मोकळं टोकच उरत नाही, मग गाठ पडणार कशी? हा उपाय सगळ्याजणी एकमेकींना सांगतात. रात्री दमून घरी आल्यावर, चेन काढून, तिचा आकडा पुन्हा लावून मग झोपणारी बाई मला अजून भेटायची आहे.

आणि तरी एक चेन पुरत नाही. एकीखाली दुसरी हवी, दुसरीखाली तिसरी. १६, १८, २२ इंच. दोन इंचांचा तरी फरक हवाच, नाहीतर त्या एकमेकींवर चढतात. दोन सारख्याच वजनाच्या घातल्या तर तासाभरात त्यांची वेणी होते. एक जाड, एक नाजूक असली की दोघी आपापल्या पायरीवर राहतात. पदक सगळ्यांत लांब चेनीत घालावं, ते स्वतःच्या भारानं तिला खाली धरून ठेवतं. आणि गुळगुळीत स्नेक चेन कुणाच्या वाटेला न जाणारी, पण एकदा मुडपली की मुडपलीच, ती घडी जन्मभर दिसते. हे सगळं ठीक. खरा वैताग वेगळाच: चेनीची लांबी आणि कुर्त्याचा गळा एकाच उंचीवर आले, की अर्धी चेन आत, अर्धी बाहेर, आणि दिवसभर आपलं बोट तिथेच. समोरचा काहीतरी महत्त्वाचं सांगत असतो आणि आपण चेन बाहेर काढत असतो.

सेट मात्र मला सोसत नाही. गळ्यात तेच, कानात तेच, बोटात तेच. सगळ्यांनी एकाच वेळी हजेरी दिल्यासारखं. एका जागी तरी बेबनाव हवा.

सोन्याबरोबर चांदी चालत नाही म्हणणाऱ्यांचं मला तसंच नवल वाटतं. त्यांच्याच एका हातात सोन्याची बांगडी आणि दुसऱ्यात स्टीलचं घड्याळ असतं. घड्याळ कुणी धरतच नाही! माझ्या मावशीला हे असले नियम कधी शिवले नाहीत. बाहेर जायचं म्हटलं की ती आरशासमोर बसून मला आपल्यामागे उभं करायची, एका हातानं केस वर धरायची आणि मान झुकवून म्हणायची, "लाव बघू." तो इवलासा गोल आकडा, त्याची ती नखानं मागे ओढायची कळ, आणि माझी चावून संपवलेली नखं. कळ निसटायची, कडी निसटायची, मी श्वास रोखून पुन्हा. "लागली का गं?" "थांब." "लागली?" "थांब ना." मानेवरची बारीक लव, पावडरचा वास, आणि तिचा वर धरलेला हात हळूहळू खाली येत चाललेला.

तिचा मोत्यांचा सर मात्र अगदी शेवटी, अत्तर लावून झाल्यावर. मोती म्हणजे बराचसा कॅल्शियम कार्बोनेट; अत्तर, घाम, लिंबाचा हात, काहीही लागलं की पाणी उतरतं. म्हणून सगळ्यांनंतर घालायचे आणि सगळ्यांआधी काढायचे. त्या सरात दर दोन मोत्यांमध्ये एक गाठ होती. एकदा तो तुटला, तर एकच मोती घरंगळला; बाकीचे आपापल्या गाठींमागे शहाण्यासारखे बसून राहिले. तिथे गाठी मुद्दाम मारून घेतो आणि इथे सुई घेऊन सोडवत बसतो.

सगळं घालून झालं की मावशी आरसा सोडून माझ्याकडे वळायची. "नीट दिसतंय का?" तेव्हा वाटायचं, आरसा आहे की समोर, मला काय विचारते. पण गळ्यातलं घालणारीला दिसतं ते घराबाहेर पडेपर्यंतच. नंतर ते पूर्णपणे दुसऱ्यांचं. कानातलंही तसंच. आपल्या स्वतःच्या वाट्याला येतात त्या अंगठ्या आणि बांगड्या. कंटाळवाण्या बैठकीत फिरवत बसायला तेवढ्याच. कदाचित म्हणूनच अंगठी निवडताना मी फार वेळ घेते आणि चेन निवडताना... नाही, चेन निवडतानाही घेतेच. तेव्हा हा विचार राहू दे.

फिरकीचं सांगायचं राहिलं. कानातल्याची फिरकी जमिनीवर पडली की ती या जगात राहत नाही. तिच्यामागून कानातलंही जातं, आणि जोडीतलं उरलेलं वर्षानुवर्षं डब्यात. माझ्याकडे अशी एकटी कानातली बरीच जमलीत. परवा ठरवून एका कानात मोती घातला आणि दुसऱ्यात कडी. ऑफिस, बँक, लिफ्ट, दिवसभर वावरले. कुणाचं चकार शब्दानं काही नाही. संध्याकाळी मैत्रीण भेटली, तिनं मात्र टक लावून पाहिलं. या कानाकडे, त्या कानाकडे, पुन्हा या.

"केस कापलेस का गं?" म्हणाली.

मी हो म्हटलं.