तुम्ही विचारलंत म्हणून: दोन हजारांत मासे गरवायचा कुठला रॉड घ्यावा?

"काका, बजेट दोन हजार आहे. खाडीत होडीतून सरळ खाली जिग सोडायचाय. कुठला रॉड घेऊ?"

दिवाळीनंतर नदीचं पाणी निवळलं की आठवड्यातून तीन-चार वेळा तरी हा प्रश्न येतो. (जिग म्हणजे माशासारखा दिसणारा, धातूचा जड गळ.) मी लगेच उत्तर देत नाही, उलट चार प्रश्न विचारतो. मग "काका भाव खातात" असं माझ्याच कानावर येतं. भाव खात नाही मी. उत्तर द्यायची भीती वाटते, आणि ती का वाटते हे आजवर कुणाला नीट सांगितलेलं नाही.

आधी उत्तर देतो, म्हणजे ज्यांना तेवढंच हवंय त्यांची सोय होईल. साडेपाच ते सहा फूट लांबी. फायबरग्लासचा, नाहीतर ग्लास आणि कार्बन मिसळलेला. जिगचं वजन 20 ते 60 ग्रॅम लिहिलेलं असावं. दोन तुकड्यांचा चालेल, एसटीतून न्यायला बरा पडतो. एकात एक सरकणारा टेलिस्कोपिक मात्र नको. दीड-दोन हजारांत असा रॉड मिळतो. दुकानात हातात घेऊन बघणार असाल तर खिशात थोडा कापूस न्या आणि प्रत्येक गाइडच्या, म्हणजे दोरी ओवायच्या, कडीतून आतून फिरवा. जिथे कापसाचा तंतू अडकेल तिथे कडीला तडा आहे. ती कडी पहिल्याच चांगल्या माशाला तुमची दोरी कापेल.

"पण काका, ह्यावर 30 टन लिहिलंय, तो 24 टनवाला आहे." हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. अहो, तो टनाचा आकडा म्हणजे रॉड किती वजन उचलेल ते नव्हे. कार्बनचा धागा किती ताठ आहे त्याचं ते माप. आकडा वाढला की रॉड हलका होतो, ताठ होतो आणि सहसा ठिसूळही होतो. तसंच "10–20 पाउंड" हे दोरीसाठी लिहिलेलं असतं, माशासाठी नाही. मला स्वतःला हे कळायला बरीच वर्षं लागली, म्हणून तुमच्यावर रागावण्याचा हक्क मला नाही, हेही मान्य करतो.

सात-आठ फुटी रॉड काठावरून फेकायला. होडीत बसून जिग पायाखाली सोडायचा, तर ती जादा लांबी मासाच तुमच्याविरुद्ध वापरतो. तरफच ती, तुमच्या मनगटावर उलटी चालते.

आता ती गोष्ट.

आमची वाघोटण विजयदुर्गाला समुद्राला मिळते. खाडीत काही ठिकाणी खडक पाण्यात उतरत गेलेत आणि त्यांच्या पायथ्याशी तांबोशी मासा बसतो, कधी गोबराही. तिथे गरवायचं, म्हणजे गळाने मासे धरायचे, ते भरती-ओहोटीचा जोर कमी असतो त्या भांगाच्या दिवसांत, अष्टमी ते दशमी. उधाणाला पाण्याची ओढ इतकी असते की 80 ग्रॅमचा जिगसुद्धा तिरका पळतो आणि मग सरळ खाली सोडण्याला अर्थच राहत नाही.

शेजारच्या वाडीतला एक मुलगा, तेव्हा नुकतीच बारावी झालेला. आंब्याच्या सीझनमध्ये एका बागेत पेट्या भरायला जायचा. त्यातले 3,400 रुपये त्याने रॉडसाठी बाजूला ठेवले होते. मला येऊन म्हणाला, "काकानू, ग्लासचो घेतलो तर चलात ना?" मी तेव्हा नवाकोरा कार्बनचा रॉड घेतला होता. हातात धरला की पिसासारखा, खाली जिग दगडाला टेकला तरी तळहाताला कळायचं. त्या नादात होतो. म्हटलं, "ग्लासवर पैसे घालू नको. कार्बनच घे, सात फुटी घे, उद्या काठावरूनही फेकता येईल." दुकान मी सांगितलं, मॉडेलही मी सांगितलं. होते नव्हते ते सगळे पैसे त्यात गेले.

मे महिन्यातली नवमी असेल. होडीवाले आजोबा, मी आणि तो. आजोबांना रॉड लागत नाही. दोऱ्याला शिसं आणि दोरा तर्जनीवर, एवढंच त्यांचं सामान. भरती संपत आली होती, पाणी थांबल्यासारखं. खाली सहा वाव पाणी (वाव म्हणजे दोन्ही हात पसरल्यावर होते तेवढी लांबी). मुलाने रॉड जोडला तेव्हा मुठीवरच्या कॉर्कला दुकानातला प्लास्टिकचा कागद तसाच होता. मळू नये म्हणून काढला नव्हता. "खाली खडक आहेत, मासा बिळात शिरू देऊ नको," म्हणत त्याच्या रिळाचा ड्रॅग, म्हणजे किती ताण आला की दोरी सुटू द्यायची ते ठरवणारा ब्रेक, मी माझ्या हाताने आवळून दिला.

तिसऱ्या-चौथ्या वेळेला जिग खाली जाता जाता मध्येच दोरी सैल पडली. मासा बहुतेकदा तसाच घेतो, जिग पडताना. पोराने ते बरोबर ओळखलं आणि झटका दिला. रॉड वाकला. मासा आधी बाहेर गेला आणि मग वळून थेट होडीखाली. मी ओरडलो, "वर घे! वर घे! रॉड वर घे!"

त्याने घेतला. काकांनी सांगितलं म्हणून दोन्ही हातांनी आभाळाकडे सरळ उभा केला. मूठ छातीशी, दोरी खाली होडीच्या तळाकडे आणि टोक छत्रीच्या मुठीसारखं वळलेलं. चिव्याची सुकी काठी मोडावी तसा आवाज आला. टोकापासून वीतभर खाली तुटला. तुटका तुकडा दोरीवरून घसरत पाण्यात गेला. आजोबांनी पुढे होऊन दोरी पंच्यात धरली, पण मोडलेल्या काठाला घासून ती आधीच पिंजली होती. दोन हात वर आली आणि तुटली. "सोड, गेली ती," आजोबा म्हणाले.

पोरगा काही वेळ तसाच उभा होता. मग खाली वाकून होडीत पडलेल्या कार्बनच्या बारीक काड्या वेचायला लागला. एकेक उचलून खिशात ठेवत होता, जणू त्या परत जोडता येणार होत्या. आणि म्हणाला, "माझाच चुकला, काकानू."

मी गप्प बसलो. "नाही रे, मीच ओरडलो" हे वाक्य जिभेवर होतं. तिथे बोललो नाही आणि धक्क्याला लागेपर्यंतही बोललो नाही.

घरी आल्यावर मात्र मी दुकानदाराशी महिनाभर भांडलो. फोटो पाठवले, पत्रं लिहिली. माल सदोष आहे, तुम्ही कोवळ्या पोरांना फसवता, असं सगळं. त्यांचं एकच उत्तर, रॉड चुकीच्या कोनात वापरला गेला. मी संतापलो होतो, कारण ते खरं असण्याची शक्यता मला दिसत होती. वाकलेल्या रॉडचा भार जाड बुंध्याने घ्यायचा असतो. रॉड सरळ उभा केला आणि मासा पायाखाली असला की सगळा भार पेन्सिलीहून बारीक टोकावर येतो. मूठ पोटाशी टेकवून रॉड आडव्याच्या थोडा वरच धरायचा, रीळ फिरवायचं आणि शेवटी मासा जाळीने घ्यायचा. ड्रॅग दोरीच्या ताकदीच्या पाव ते तिसरा हिस्सा, वीस पाउंडी दोरीला दोन-तीन किलो. तो हाताने आवळून कळत नाही, ताणकाट्याला दोरी बांधून मोजायचा. मी मोजला नव्हता.

तरीही त्या रॉडची बाजू मी पूर्ण घेणार नाही. तसेच उभे धरलेले कितीतरी रॉड मी पाहिलेत जे मोडले नाहीत. मोटारसायकलवरून आणताना कुठे आपटला असेल का? कार्बनला न दिसणारी चीर पडते आणि पुढच्या ताणाला तिथेच मोडतो. की मुळातच कच्चा होता? त्या संध्याकाळी तिन्ही गोष्टी एकत्र आल्या असतील. मी रोज वेगळं ठरवतो.

म्हणून मी आता ग्लास सांगतो. ग्लास चुका पोटात घालतो. जड असतो, बोथट वाटतो, पण नवख्या हातात तो आधी वाकतो. आणि बारीक स्पर्श कळावा म्हणून पैसे घालायचेच असतील तर ते दोरीत घाला. चांगली ब्रेडेड, म्हणजे विणलेली, दोरी फारशी ताणली जात नाही, त्यामुळे ग्लासच्या रॉडवरही खालचा दगड कळतो. तिच्या पुढे जिगकडे, खडकाला घासायला, दीड-दोन वाव फ्लुरोकार्बनची चिवट दोरी. आणि नजर रॉडच्या टोकावर नको, दोरी पाण्यात शिरते तिथे हवी.

यावर माझे जुने सोबती म्हणतात, दोन तास ग्लास हलवून मनगट धरतं, आणि मनगट दुखलं की माणूस जिग नीट उचलत नाही. बरोबर आहे त्यांचं. "मग तुम्ही स्वतः अजून कार्बन का वापरता?" हाही प्रश्न येतो. वापरतो. मला तो आवडतो. जिग तळाला टेकल्याचा तो ठोका हाताला लागल्याशिवाय मला गरवल्यासारखं वाटत नाही. मला जे आवडतं ते तुम्हाला नको म्हणून सांगतो, हे विसंगत दिसतं हे मला कळतं. पण तुमचे दोन हजार कुठून आलेत ते मला ठाऊक नसतं. 3,400 कुठून आले होते ते ठाऊक होतं, तरी मी तसं बोललो.

त्या मुलाने रॉड टाकून दिला नाही. मोडलेलं टोक घासून गुळगुळीत केलं, नवीन शेंड्याची कडी आणून गरम गोंदाने बसवली. आता तो सव्वासहा फुटांचा झालाय, टोकाला थोडा ताठ, आणि 60 ग्रॅमच्या जिगला चांगला चालतो. गेल्या वर्षी त्यावर त्याने तांबोशी काढल्याचं आजोबांकडून कळलं. मुठीवरचा प्लास्टिकचा कागद आता नाही.

रॉडबद्दल त्याने मला परत काही विचारलं नाही. परवा बाजारात भेटला तेव्हा मीच म्हटलं, "नवमीला येतोस काय रे होडीत?"

"बघूया, काकानू," म्हणाला.