बासुन, तासुन आणि बटाट्याचा वाफा

उत्तर वेल्समधल्या बँगोरला येऊन मला दीड वर्ष झालं. २०२१च्या जनगणनेत अख्ख्या वेल्समध्ये वेल्श बोलणारे १७.८ टक्के निघाले, पण आमच्या ग्विनेद भागात ते ६४.४ टक्के आहेत. बेकरीच्या रांगेत, बसस्टॉपवर, पोरांना रागावताना लोक वेल्शच बोलतात. इंग्रजीवर भागतं, पण मला नुसतं भागवायचं नव्हतं. म्हणून संध्याकाळचा वर्ग लावला.

पहिल्या पातळीला 'मनेदियाद' म्हणतात, दुसरीला 'सल्वाइन'. या दुसऱ्या पातळीवर जर-तर आलं आणि अर्धा वर्ग हबकला. 'बासुन ई' म्हणजे 'मी असते, मी केलं असतं'. त्याच्या आधी 'जर'साठीचा 'पे' आला की दोन्ही मिळून होतं 'तासुन ई'. मराठी कानाला हे सरळ 'बसून' आणि 'तासून' ऐकू येतं, त्यामुळे मला ते एका दिवसात पाठ झालं. वर इकडच्या उत्तरेत क्रियापदाआधी 'मी' असा एक छोटा शब्द लावतात, आणि त्याच्यामुळे 'बासुन'चं 'वासुन' होतं: 'मी वासुन ई'. हा 'मी' म्हणजे आपला 'मी' नव्हे. वेल्शमध्ये 'मी'ला 'ई' म्हणतात, आणि तो पहिला 'मी' तर 'ती', 'ते' सगळ्यांनाच लागतो. महिनाभर मी यात फसत होते. दक्षिणेत कार्डिफकडे तर 'बासुन'च्या जागी 'बधुन' म्हणतात, पण ते प्रकरण मी तूर्त बाजूला ठेवलंय.

खरी मेख 'जर'मध्ये आहे. वेल्शमध्ये 'जर' दोन. घडू शकेल अशा गोष्टीला 'ओस', नुसत्या कल्पनेतल्या गोष्टीला 'पे'. आमच्या बाई हे इंग्रजीतून समजावतात. इंग्रजीत दोन्हीकडे एकच 'इफ', शिवाय कल्पनेसाठी भूतकाळ वापरायचा, म्हणून वर्गातले इंग्रज पुन्हापुन्हा अडखळत होते. मी वहीत इंग्रजी खोडलं आणि मराठी लिहिलं: 'पाऊस थांबला तर जाईन' म्हणजे ओस. 'पाऊस थांबला असता तर गेले असते' म्हणजे पे. आपण हा फरक 'असता'ने करतो, ते 'जर' बदलून करतात. त्या दिवसापासून मी वेल्शमध्ये इंग्रजीमार्गे जाणं सोडलं.

दुसरं एक साम्य तर मला फारच आवडतं. वेल्शमध्ये सगळीकडे चालेल असा 'हो' नाही. आपण 'येशील का?'ला 'येईन' म्हणतो, तसं तेही बहुतेकदा क्रियापदच परत करतात. शेजारच्या आजी कुंपणावरून विचारतात, "वासात तीन लिक्यो पानाद?" चहा घेशील का? त्यावर "बासुन" म्हणायचं. घेईन. पूर्वी मी मान डोलवून हसायचे. पहिल्यांदा "बासुन" म्हटलं तेव्हा त्यांनी किटली ठेवायच्या आधी माझा हात हातात घेतला.

त्यांच्या मागच्या दारापाशी खुंटीवर एक चॉकलेटी टोपी असते. घरातले आजोबा कुठे कामाला जात असतील, मुलाकडे गेले असतील, असं मी धरून चालले होते. विचारायचं कसं, ते मला वेल्शमध्ये येत नव्हतं आणि इंग्रजीत बरं वाटत नव्हतं. एप्रिलमध्ये एका दुपारी आम्ही पायरीवर कप घेऊन बसलो होतो. समोर वाफा तसाच पडलेला, वर गवत माजलेलं. त्याकडे बघत आजी हळूच म्हणाल्या, "तासा वो अमा, मी वासा वो 'दी प्लान्नी'र तातुस."

तो इथे असता तर एव्हाना बटाटे लावले असते.

वाक्य मनात आपोआप मराठीत उतरलं आणि मग कळलं, त्यांनी 'ओस' म्हटलं नव्हतं. 'तासा' म्हटलं होतं. मी खुंटीवरच्या टोपीकडे पाहिलं. आजींनीही पाहिलं.

काय बोलावं सुचेना. मग जमलं तसं जुळवून म्हटलं की तुम्हाला चालणार असेल, तर शनिवारी आपण दोघी लावू. या वेळी 'ओस' वापरला.

"बासुन," असं उत्तर येईल म्हणून मी कान देऊन होते. त्या म्हणाल्या, "फावडं शेडमध्ये आहे."