आमची वाटचाल : प्रेसशॉप आणि आमची माणसं

छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज एमआयडीसीत 2009 साली दोन सेकंडहँड पॉवर प्रेसवर, म्हणजे पत्रा दाबून-कापून पार्ट काढणाऱ्या मशिनवर, सुरुवात केली. बजाजचा कारखाना इथे 1985 पासून आहे, त्यामुळे ब्रॅकेट, क्लॅम्प, वॉशर असं काही ना काही काम मिळत गेलं. आज शेड स्वतःची आहे, डाय (पत्र्याला आकार देणारे साचे) आमच्याच टूलरूमला बनतात, दोन शिफ्टमध्ये चाळीसेक माणसं आहेत. बँक, कर्ज, ऑडिट ही रड सगळ्याच छोट्या कारखानदारांची सारखी, ती इथे नको. माणसांच्या टेन्शनबद्दल मात्र सविस्तर लिहितो, कारण आमच्या धंद्यात त्याची किंमत बोटांनी मोजावी लागते.

स्लाइड, म्हणजे प्रेसचा वरचा भाग, खाली येताना हात डायमध्ये नसावा म्हणून प्रेसला दोन बटणं असतात, दोन्ही हातांनी एकदम दाबायची. भराभर पीस काढायला काही जण एक बटण चिकटपट्टीने दाबून ठेवतात. नवखा पोरगा असं करतो तेव्हा ती खोडी असते. वर्षानुवर्षं शिस्तीत चाललेला ऑपरेटर करतो तेव्हा घरी काहीतरी बिनसलेलं असतं, असा आमचा अनुभव. अशाला मेमो देऊन भागत नाही. प्रेसवरून उतरवून इन्स्पेक्शनच्या टेबलावर बसवतो, पगार तोच. बोलणं नंतर.

बाकी खुणा बारीक असतात. डबा न उघडता परत जातो. फोन वाजला की बघून कट, लगेच परत वाजतो. सोमवारचे खाडे वाढतात, उचल दर महिन्याला थोडी जास्त मागितली जाते. आमची बरीच पोरं गंगापूर, वैजापूर, पैठणकडची. घरी दोन-चार एकर कपाशी नाहीतर मका. पगार इथला, जीव तिकडे टांगलेला. सप्टेंबर 2025 च्या अतिवृष्टीत मराठवाड्यातली उभी पिकं पाण्याखाली गेली, तेव्हा आमचं रिजेक्शन, म्हणजे नापास होणारा माल, वाढलं. डाय ठीकच होते.

मालकाला कोणी काही सांगत नाही. "साहेब, तब्येत बरी नाही," एवढंच. सांगतात ते स्टोअरच्या मामांना. मामा हातमोजे देता देता विचारतात, "काय रे, कपाशी काय म्हणती?" आणि गोष्ट कपाशीवरून कर्जावर येते. ते कोणाचं गुपित माझ्यापर्यंत आणत नाहीत, तसं ठरलंच आहे. "याला महिनाभर रात्रपाळी नको," इतकंच सांगतात. मी कारण विचारत नाही.

एका ऑपरेटरची झोप वसुलीच्या फोनांनी उडवली होती. रिझर्व्ह बँकेने 2022 मध्ये स्पष्ट केलंय की सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर वसुलीचे फोन करायचे नाहीत. त्याने स्वतः सांगितल्यावर आमच्या अकाउंटंटने तेवढा मुद्दा धरून तक्रार लिहून दिली. रात्रीचे फोन थांबले. कर्ज काही माफ झालं नाही, पण माणूस झोपायला लागला.

औषधोपचाराचं म्हणाल तर 21 हजारांपर्यंत पगार असलेल्यांना ईएसआय, म्हणजे सरकारी कामगार विमा, आहेच. ठरलेल्या मुदतीचे हप्ते भरलेले असले आणि डॉक्टरने लिहून दिलं, की आजारपणात वर्षाला 91 दिवसांपर्यंत सत्तर टक्के पगार मिळतो. मनाचं दुखणंही त्यात येतं, हे आमच्याकडे बहुतेकांना ठाऊकच नव्हतं. घाटीत, म्हणजे शहरातल्या सरकारी दवाखान्यात, मानसोपचार विभाग आहे, आणि सरकारची टेलिमानस हेल्पलाइन 14416 चोवीस तास, फुकट, मराठीतही बोलते. हा नंबर आम्ही नोटीस बोर्डावर लावला नाही. सगळ्यांच्या देखत तो कोण उतरवून घेणार? हजेरीकार्डाच्या मागे छापला.

कॉन्ट्रॅक्टवरच्या हेल्परांचं मात्र अजून जमत नाही. मामांशी ओळख होईस्तोवर ठेकेदार पोरं बदलतो. त्यातल्या काहींना दिवाळीनंतर आमच्या रोलवर, म्हणजे थेट कंपनीच्या पगारावर, घ्यायचा विचार आहे. पीएफ-बोनस धरून हिशेब मांडतोय, आणि आमच्या कस्टमरकडे त्यासाठी रेट वाढवून मागितलाय. उत्तर यायचंय.